कानपिळ्याला मी मारलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रकाशकाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या हट्टा गावचे नाही आणि गंगाधरला ओळखत नाही. ओळखत असतात तर – खरं सांगतो – आजही तोंड उघडलं नसतं.

मी साहसकथा लिहायचो. दिवसभर वसमतच्या शाळेत मराठी शिकवायचं, संध्याकाळच्या एसटीने हट्ट्याला यायचं आणि ओसरीवर बसून धैर्यशीलला कुठल्या तरी संकटात ढकलायचं, असा माझा कार्यक्रम. धैर्यशील म्हणजे माझा नायक. तो भुयारातून सरपटायचा, बिबट्याच्या डोळ्यांत डोळे घालायचा, पूर्णेला पूर आला की दातात सुरी धरून पैलतीर गाठायचा. पुस्तकं पातळ, भडक मुखपृष्ठांची. बसस्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला लटकलेली असत. पोरं ती वाचून वाचून फाडून टाकायची. एवढा मोठा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

गंगाधर माझा शाळासोबती. त्याची पिठाची गिरणी होती आणि माझं प्रत्येक प्रकरण सगळ्यात आधी ऐकायचा तो. गिरणीच्या घरघरीत ओरडून वाचावं लागे. ऐकताना तो डाव्या कानाची पाळी हळूहळू पिळत राहायचा. लहानपणापासूनची सवय ती. गणित अडलं की हात कानाला, उत्तर सापडलं की हात खाली. एवढंच. त्यात वाईट काय होतं?

एकदा चहाच्या हॉटेलात चार माणसं माझ्या पुराच्या प्रकरणाचं कौतुक करत होती. मी फुललो होतो. गंगाधर हसत म्हणाला, "ह्यो पुराचं लिहून राहिला, अन् कालव्यात पाय घाल म्हणलं तर घालत न्हाई!"

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं खोटं नव्हतं – मला पाण्याची भीती वाटते, आजही वाटते. मित्राला चिडवावं तसं त्याने चिडवलं, बस. पण मला ते झोंबलं. घरी आलो आणि न जेवता लिहायला बसलो.

त्या पुस्तकात कानपिळ्या आला. दरोडेखोरांचा म्होरक्या. कुणाचा जीव घ्यायचा हुकूम सोडण्याआधी तो आपल्या डाव्या कानाची पाळी हळूहळू पिळायचा.

तुम्ही म्हणाल, लेखक माणसांतूनच उचलतो, त्यात काय एवढं? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण थांबा – माझी चूक ती नव्हे. नुसतं छापून आलं असतं तर गावात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गिरणीवाल्याच्या कानाकडे कोण बघतं?

गणपतीत मंडळाने माझं कथावाचन ठेवलं. सगळं गाव समोर बसलेलं. गंगाधर तर पुढेच, आपल्या लेकराला मांडीवर घेऊन. कानपिळ्याचा प्रसंग आला तसं मी पुस्तक खाली ठेवलं. मान जराशी कलती केली – गंगाधर करायचा अगदी तशी. डोळे बारीक केले. आणि डावा कान पिळला.

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून कुणीतरी गंगाधरचं नाव घेतलं आणि सगळा मांडव हसला. मी काय केलं? मी पुन्हा एकदा कान पिळला. गंगाधरकडे बघत.

दुसऱ्या दिवसापासून ती कानपिळ्याची गिरणी झाली. पोरं दळणाचा डबा ठेवायची, लांब पळायची आणि तिथून ओरडायची. पुढे मोठी माणसंही म्हणू लागली. शेजारच्या जवळा बाजार गावीही आठवडी बाजारात लोक त्याला त्याच नावाने हाका मारत. गंगाधरने कानाला हात लावणं सोडलं. हात वर जायचा, मध्येच थांबायचा आणि खिशात जायचा. मला ते दिसत होतं.

एक दिवस तो घरी आला.

"मास्तर, तुह्या बुकातला त्यो मी हाय का रे?"

"तू काहून असशील? उगं मनाला लावून घेतो," मी म्हणालो. असं, सहज. नजरेला नजर देऊन.

त्याचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. तो म्हणाला, "मंग एक कर. पुढच्या बुकात मारून टाक त्याला. मेला म्हंजी पोरं इसरतील."

मारतो, म्हणालो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. खलनायक खरोखर मारायचा नसला की आम्ही त्याला कड्यावरून पाडतो. प्रेत सापडत नाही. मी कानपिळ्याला औंढ्याच्या डोंगरात कड्यावरून पाडलं आणि पुस्तक गंगाधरला नेऊन दिलं. त्याने उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. "खरंच मेला?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने गिरणी बंद केली, मला घरी नेलं आणि वहिनींना पुरणपोळी करायला लावली. मी ती खाल्ली.

पुढच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कड्याच्या टोकाशी एक हात वर आला आणि कानाकडे गेला. प्रकाशकाचा आग्रह होता, पण त्याचं नाव पुढे करणार नाही. मलाच कानपिळ्या हवा होता. धैर्यशील कुणालाही जमला असता. कानपिळ्यासारखा दुसरा मला कधी जमला नाही. गंगाधरने त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही. आणि मी? मी दळण दुसऱ्या गिरणीत पाठवायला लागलो.

आता माझी पुस्तकं कुठेच मिळत नाहीत. त्या स्टॉलवर मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. धैर्यशील कोण, हे हट्ट्यात एकाही पोराला सांगता येणार नाही. माझ्या सगळ्या लिखाणातला एक शब्द तेवढा गावात उरला.

यंदा गंगाधर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मुलगा बालाजी – तोच, तेव्हा मांडीवर होता तो – याने श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नमुना माझ्या मोबाईलवर पाठवला. वर गंगाधरचा फोटो, खाली नाव, आणि नावापुढे कंसात 'कानपिळ्या'. मागोमाग त्याचा फोन आला.

"काका, एकडाव बघून घ्या. शुद्धलेखन तुमच्याबिगर कोण पाहील?"

"हे कंसातलं काहून टाकलं?" मी विचारलं.

"त्याच्याबिगर कोण वळखील, काका? आबाला कान पिळायची सवय व्हती म्हणं. म्या तर कधी पाह्यली न्हाई."

बोलायची वेळ हीच होती ना? 'काढ ते' एवढं म्हटलं असतं तरी त्याने काढलं असतं. फार तर का म्हणून विचारलं असतं. त्याने विचारू नये म्हणूनच मी बोललो नाही. बघून कळवतो, म्हणालो आणि फोन ठेवला.

चष्मा लावून मी नमुना नीट वाचला. 'भावपुर्ण'मधला 'पु' दीर्घ करायला सांगितला. 'श्रध्दांजली'तलं जोडाक्षर सुधारून दिलं. आणि खाली लिहिलं – बाकी सगळं बरोबर आहे.