नावाशिवाय गेलेला पेपर

आमची सूनबाई एरवी शांत. पण आपला पेपर परिषदेच्या पुस्तकात घेतला असं कळलं, त्या दिवशी ती ओल्या हातांनीच मला उचलायला निघाली. "आई, घेतला! घेतला!" मी म्हटलं, "अगं, खाली ठेव मला, कंबर माझी आहे!"

ती इमारतींचं शास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात आहे. शिक्षकांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत का पोचत नाही, यावर तिचं काम. त्यासाठी ती रिकाम्या वर्गांत मला फळ्यापाशी उभी करायची, मी शब्द वाचायचे आणि मागे बसवलेल्या दोन-चार विद्यार्थ्यांनी काय ऐकू आलं ते लिहायचं. मला आयतीच हौस. पहिल्याच वर्गात मी असा आवाज लावला की ती धावत आली. "आई, जरा हळू! सगळंच ऐकू आलं तर मी मोजू काय?" मग ती स्टुलावर चढून छताला पुठ्ठे लावी, भिंतींना जाड कापड लावी, आणि पुन्हा माझं वाचन.

पेपर लिहिणं त्याहून अवघड. परिषदवाल्यांचा साचा ठरलेला. अक्षर एवढंच, समास तेवढाच, सहा पानांच्या पुढे एक ओळसुद्धा चालणार नाही. शिवाय तपासणाऱ्यांना लेखक कोण हे कळू द्यायचं नाही, म्हणून नाव, कॉलेज, सगळं पुसून पाठवायचं. हा नियम मला फार पटला. नोकऱ्या देतानाही असाच नियम असता, तर नावाच्या वशिल्यावर चिकटलेल्या आमच्या धाकट्या दिरांना कुणी दारातही उभं केलं नसतं.

पेपर घेतल्याचं कळल्यावर मी काही गप्प बसणार होते का? शेजारच्या शिंपीणबाई, कोपऱ्यावरचा औषधवाला, कुणालाही सोडलं नाही. आमचं आडनाव आता पुस्तकात छापून येणार, असं सगळ्या गल्लीला सांगून झालं. सूनबाई नुसती हसायची. ते हसू जरा ओढूनताणून होतं, पण माझं लक्ष होतं कुठे!

छपाईची शेवटची प्रत तिनं पाठवली आणि आम्ही निर्धास्त झालो. मग एका दुपारी संपादकबाईंचा फोन आला. सूनबाईचे हात कामात होते, तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, तुमच्या पेपरवर लेखकच नाही! परीक्षकांसाठी नाव पुसून पाठवली होतीत, तीच प्रत पुन्हा आली आहे. पुस्तक आज छपाईला जातंय. पाचपर्यंत नावासकट पाठवा. निनावी पेपर आम्हाला छापता येत नाही."

सूनबाई पांढरीफटक पडली. धावत जाऊन तिनं कॉम्प्युटर लावला, मी शेजारी खुर्ची ओढली. "लिही की भराभर!" तिनं बोटं टेकवली आणि तशीच बसून राहिली.

"आई, आडनाव कुठलं लिहू?"

मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. "कुठलं म्हणजे? आपलं!"

"माझा पहिला पेपर लग्नाआधीचा आहे," ती खाली बघत म्हणाली. "हा त्याच्याच पुढचा भाग. त्या पहिल्यावर माहेरचं आडनाव आहे. इथे दुसरं घातलं, तर वाचणाऱ्याला वाटेल ते काम कुणा भलत्याच बाईचं. तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून बसलात. म्हटलं, नाव पुसलेलंच आहे, बघू शेवटी. आणि शेवटी विसरलेच."

माझं टाळकंच सटकलं. "म्हणजे आमचं आडनाव नकोसं झालं तर!"

तिचे डोळे भरले. मी तणतणत मुलाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तुम्ही दोघी ठरवा." ठेवला फोन! अगदी वडिलांवर गेलाय, ऐन वेळी हात वर.

घड्याळ काही आमच्यासाठी थांबणार नव्हतं. मी पडद्याकडे पाहिलं. वर पेपरचं शीर्षक, त्याखाली कोरी पांढरी जागा, आणि खाली तिनं मोजलेले वर्ग, तिनं काढलेल्या आकृत्या. आमचं आडनाव काही स्टुलावर चढून पुठ्ठे लावायला आलं नव्हतं.

"लिही तुझं नाव," मी म्हटलं.

"माझं म्हणजे..."

"अगं बाई, तुझं! पहिल्या पेपरावर आहे तेच. आणि चटकन लिही, नाहीतर दोन्ही आडनावं घरीच बसतील!"

तिनं लिहिलं. नाव आलं, कॉलेज आलं, आणि त्यांनी जागा खाल्ली म्हणून शेवटची ओळ घसरून सातव्या पानावर गेली! दोघी किंचाळलो. काय कापायचं? मी पडद्यावर बोट ठेवलं. "‘वाचक या ज्येष्ठ महिला असून त्यांचा आवाज उपजतच मोठा आहे.’ ही ओळ काढ आधी. ज्येष्ठ म्हणे!" ती रडता रडता हसली. ओळ गेली, पेपर सहा पानांत बसला. तिनं बटण दाबलं. पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं, फिरतच राहिलं. मी तिचा हात घट्ट धरला होता. आणि एकदाची अक्षरं उमटली: प्रत मिळाली.

"गेला!" ती अशी ओरडली की शिंपीणबाई खिडकीत आल्या.

ओरडून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला राग नाही ना आला?"

"आला होता."

"आणि आता?"

लग्नाआधी मलाही एक आडनाव होतं. ते घालून सही कशी करायचे, हे आठवायला मला थांबावं लागलं. नाव कुठलं लावू, असं मी कुणाला विचारलं नव्हतं, आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं.

"आता तुझा हेवा वाटतोय," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.