डाव्या हाताची पेटी

...नाही गं स्वराली, बिघडलेला नव्हता तो पियानो, मुद्दाम उलटा केलेला. तू लिही, मी सांगते.

लंडनच्या हाउन्सलोचा पद्माकर, माझा धाकटा भाऊ. सारा जन्म एअरपोर्टवर विमानांच्या वायरी जोडल्या त्यानं. मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवायची ती त्याची बायको सुप्रभा. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागं भात्यावर. दोन हजार पाचच्या नाताळात तिला झटका आला नि उजवी बाजूच गेली. "ही पेटी आधी डोळ्यांसमोरून न्या," म्हणाली. म्हणून ती आपल्याकडे आली.

पद्माकरला चैन पडेना. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून विजेचा पियानो आणला, गॅरेजमध्ये उघडला नि आतल्या वायरी सगळ्या उलट्या लावल्या. डावीकडे जावं तसा सूर चढणार! म्हणजे डाव्या हाताची बोटं उजव्यासारखीच चालतील, असं त्याला वाटलं. तीन महिने तेच वेड.

"अहो, विमानं नीट करणारा माणूस, पियानो कशाला बिघडवताय?" सुप्रभा चिडवायची.

"गणपतीत वाजवशील ना, तेव्हा बोल."

तिलाही आशा लागली गं, तेच वाईट झालं.

झाला तयार, तशी बसली. एक सूर दाबला, दुसरा दाबला. नि हात आपोआप घसरून पियानोच्या मागं गेला, वारा घालायला लागला. पद्माकरनं उचलून पट्ट्यांवर ठेवला, पुन्हा तेच! चाळीस वर्षं त्या हातानं भाताच मारलेला, त्याला दुसरं काय ठाऊक?

पद्माकर म्हणाला, "भात्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं." वायर असती तर बदलली असती त्यानं. हाताला काय करणार?

शेवटी तीच म्हणाली, "जुनी पेटी आणा. भाता मी मारते, पट्ट्या तुम्ही दाबा."

"मी? मला सा कुठला तेसुद्धा माहीत नाही!"

"मी सांगेन की."

तो उठून गॅरेजमध्ये गेला. तिथूनच मला फोन केला, "ताई, माझ्यानं नाही होणार." त्यानंतर पेटीचा विषयच काढत नाही. ती विचारते, हा चहा करायला उठतो. नि गणपती आठ दिवसांवर आलेत.

एवढं लिहून झालं ना, की लाव त्याला फोन. सांग, पेटी पुसून ठेवलीय, शनिवारी वॉटफर्डला आपल्याकडे ये नि घेऊन जा. आणि सांग, सा कुठला ते सुप्रभाला विचारून आजीनं त्या पट्टीवर आपली टिकली चिकटवलीय, लाल. तेवढी दाब म्हणावं आधी.