सांभाराची जुडी

माझे बाबा साप काठीनं उचलून बांधापलीकडे टाकत, पण दवाखान्याचा वास आला की त्यांचे पाय जागीच खिळत. एवढा धिप्पाड माणूस आणि नाकापुढे हरलेला! एरवी मला त्याचं हसू यायचं. त्या बाजाराच्या दिवशी मात्र हसायची सोय नव्हती. बाभळीचा काटा रुतून त्यांचा उजवा तळहात टम्म फुगला होता. पेनिसिलिनचं नावही तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी दारातूनच हात पाहिला होता आणि मला बजावलं होतं, की उद्या चिरा देऊन पू काढला नाही तर हात जाईल. बाबांच्या हाताशिवाय आमचा मळा, हे चित्रच मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

शेजारच्या चाची अत्तर विकायच्या. वासाची भीती वासानंच काढायची, असं त्यांचं ठाम मत. निघताना त्यांनी केवड्याचा फाया बाबांच्या कानात खोचला. मला ही युक्ती इतकी आवडली की गाडी मीच हाकली. पण दाराशी कार्बोलिकचा भपकारा आला, त्यात केवडा मिसळला आणि बाबांना दरदरून घाम फुटला.

"मले लग्नाले आनलं का मसनात?" म्हणाले, आणि फाया काढून फेकला.

डॉक्टर भले होते. खांद्याला धरून त्यांनी बाबांना कसंबसं आत बसवलं. गुंगीचं औषध देतो म्हणाले, तर बाबा त्यालाच जास्त घाबरले. झोपलेला माणूस परत उठेल कशावरून, असं विचारू लागले. सुरी जवळ आली की हात मागे. हलत्या हातावर चिरा दिला तर शीर कापली जाईल, असं म्हणून डॉक्टरांनी शेवटी सुरी खाली ठेवली.

माझं डोकं तापलं. आणि तेव्हाच लख्ख सुचलं. चाचींचं चुकलं नव्हतं, वास तेवढा चुकला होता! मी गाडीकडे पळत सुटले. बाजारचा माल ओल्या पोत्याखाली होता. त्यातली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मातीसकट एक जुडी ओढली, पळता पळता चुरडली आणि बाबांच्या नाकाशी धरली.

त्यांनी श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटले.

"पानी कोन देऊन राह्यलं आज?"

काका देताहेत, मी म्हटलं. मोट चालू आहे, पाट भरून वाहतोय. मग मी थांबलेच नाही. पाणी वांग्यात आलं, मिरचीत वळलं, मेथीचा वाफा भरला, सुचेल ते सांगत सुटले. मेथीत पाणी तुंबू देऊ नको म्हणून बाबा मलाच दटावत होते. डॉक्टरांनी डोळ्यांनी खुणावलं, बोलत राहा. सुरी आत गेली. बाबा कण्हले, त्यांनी जुडीत नाक खुपसलं, पण हात हलला नाही. हलला नाही! आनंदानं मला तिथंच उड्या माराव्याशा वाटत होत्या.

पू निघाला, पट्टी बांधून झाली. झालं, उठा आता, डॉक्टर म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"थांबा साहेब," ते म्हणाले, "सांभाराचा वाफा राह्यला भराचा."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मी रडत रडत तोही वाफा भरला.