देशपांडे कन्सल्टिंगची पाचशे कार्डं

एका दाढेमुळे मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी उद्योजक झालो.

गोष्ट दोन हजार सोळाची. कॅनडात सरकारी मेडिकेअर आहे. हृदय उघडून, दुरुस्त करून, शिवून देतात आणि एक सेंट घेत नाहीत. पण दात आणि चष्मा ही माणसाची खाजगी हौस समजली जाते, ती ज्याची त्याने भागवावी. नोकरीत होतो तोवर माझी हौस कंपनी भागवायची. रिटायर झालो, निरोपसमारंभात केक खाल्ला, आणि त्याच आठवड्यात दाढ दुखायला लागली. (केकचा आणि दाढेचा संबंध नाही असं डेंटिस्ट म्हणाला. केक कंपनीचा होता, म्हणून माझा संशय अजून आहे.) शेवटी आम्हा दोघांसाठी खाजगी विमा घेतला. पहिला हप्ता भरताना दाढ दुखली त्यापेक्षा जास्त दुखलं.

त्या संक्रांतीला स्कारबरोला वसंताकडे जमलो होतो. वसंता माझा चौऱ्याहत्तर सालापासूनचा मित्र. कॅनडाचा कुठलाही कायदा त्याला अर्धा माहीत असतो.

"अरे, तू सेल्फ-एम्प्लॉइड हो," तिळाचा लाडू फोडत तो म्हणाला. "विम्याचा प्रीमियम धंद्याच्या खर्चात दाखवता येतो. टॅक्स वाचतो."

"पण मी धंदा कसला करू?"

"कन्सल्टिंग कर. रिटायर झालेला प्रत्येक इंजिनियर तेच करतो."

व्हिटबीला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात ऑफिस उघडलंसुद्धा होतं. दुसऱ्या दिवशी पाचशे कार्डं छापायला टाकली. 'देशपांडे कन्सल्टिंग. छप्पर, फर्नेस, बेसमेंट यांविषयी तज्ज्ञ सल्ला.' खाली घरचा फोन नंबर.

बायकोने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "अहो, हा सल्ला तर तुम्ही तीस वर्षं फुकट देताय. तेव्हा कोणी घेतला नाही. आता पैसे देऊन घेतील?"

शोभाला बोलायचा अधिकार होता, कारण घरात खरा धंदा तिचाच होता. बेसमेंटमध्ये परवाना काढून तिने दुसरं स्वयंपाकघर थाटलं होतं. चकल्या, पुरणपोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक. तिचा नियम एकच, पैसे आधी, चकली मग. सख्ख्या मावसबहिणीलाही सूट नाही. मला त्या नियमाची फार लाज वाटायची.

माझा पहिला क्लायंट वसंताच. त्याच्या बेसमेंटमध्ये पाणी यायचं. मी टॉर्च घेऊन दोन तास भिंती तपासल्या, चार पानी रिपोर्ट लिहिला आणि बिल पाकिटात घालून गेलो. रिपोर्ट दिला. बिल काढायला खिशात हात घालतो तोच वहिनी साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या.

"भावजी, थोडीशी. दही घालू ना?"

आता ज्या घरात दोन बशा खिचडी खाल्ली, वर ताक प्यालो, तिथे बिल कसं काढायचं? हात खिशातून तसाच बाहेर आला. दुसरीकडे छप्पर पाहिलं, तिथे बेसनलाडवांचा डबा मिळाला. तिसरीकडे घर गरम ठेवणारी फर्नेस पाहिली, तिथे लोणचं. मी सगळी बिलं तारखेनिशी लिहून प्रामाणिकपणे परत घरी आणत होतो. वर्षभरात एकच रोकड क्लायंट झाला, तो शेजारचा डग. त्याच्या छपराची पन्हळ कुठे तुंबलीय ते मी दाखवलं, त्याने लगेच चाळीस डॉलर काढून दिले. मी थँक यू म्हणालो. मग तो शिडी घेऊन आला आणि माझ्यासाठी धरून उभा राहिला, तेव्हा व्यवहार माझ्या लक्षात आला. पन्हळ मी साफ केली.

तरीही टॅक्स भरताना दोघांच्या विम्याचा अख्खा प्रीमियम मी त्या चाळीस डॉलरच्या धंद्यात खर्च म्हणून टाकला, आणि पुढच्या संक्रांतीला चारचौघांत तशी फुशारकीही मारली.

मग पत्र आलं. टॅक्स खात्याचं, दोन ओळींचं, सभ्य. धंदा चालू असल्याचे पुरावे पाठवा, मुदत तीस दिवस.

आयुष्यात मला कधी पार्किंगचं तिकीट मिळालेलं नाही. इथे एवढी वर्षं मान ताठ ठेवून काढली, आणि आता दाढेपायी सरकारदरबारी लबाड ठरणार. त्या रात्री जेवण गेलं नाही. शोभाने काय झालं विचारलं, तर मी दाढ म्हणालो.

सकाळी वसंताला फोन केला. "धंद्याचा पुरावा हवाय. तू पत्र देशील? बाकीच्यांनाही सांग."

"त्यात काय विचारतोस! आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

आणि होतेच. चार दिवसांत चार पत्रं आली, सगळी चिकटवलेल्या पाकिटांत. मित्रांनी आपल्याबद्दल लिहिलेलं उघडून वाचणं बरं दिसत नाही, म्हणून मी ती तशीच खात्याला पाठवून दिली. वसंताने मात्र पाकिटं बंद करण्याआधी सगळ्या पत्रांच्या कॉप्या काढल्या होत्या. आठवड्याने त्या अभिमानाने माझ्या हातात ठेवल्या.

त्याचं पत्र असं होतं: 'श्री. देशपांडे मला १९७४ पासून सल्ला देत आहेत. मी तो कधीही मागितलेला नाही. तरीही त्यांनी एक पैसा घेतला नाही.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'असा निःस्वार्थी माणूस शोधून सापडणार नाही.' तिसऱ्याने माझं आचरण शुद्ध असल्याची ग्वाही दिली होती. चौथ्याने मी पैशाला शिवत नाही असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आपल्या माणसाकडे पत्र मागितलं की तो कॅरेक्टर सर्टिफिकेटच देतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

ओटावाला मुलीला, केतकीला, फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. ती हसत सुटली. मग म्हणाली, "बाबा, दिस इज नॉट अ बिझनेस. दिस इज जस्ट यू."

"आता काय होईल?"

"दे'ल से नो. यू पे द डिफरन्स. नोबडी गोज टू जेल." मग ती हसायची थांबली आणि तिने नियमाचा उरलेला अर्धा भाग सांगितला. धंदा खरा हवा, आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न त्याच धंद्यातून हवं. माझं सगळं उत्पन्न पेन्शनचं. मी चाळीस नाही, चार हजार कमावले असते तरी उपयोग नव्हता. "बट आई क्वालिफाइज, बाबा. तिला पेन्शन कुठेय? शी इज द बिझनेस."

शोभा चकलीचा सोऱ्या पुसत सगळं ऐकत होती. तिने सोऱ्या फळीवर ठेवला आणि ऑर्डरींची वही उघडली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

फरक भरला. पुढच्या वर्षी विमा तिच्या नावावर केला. फोनवर कंपनीची बाई सगळी माहिती विचारत होती. विमा कोणाचा? शोभा देशपांडे, प्रोप्रायटर. तुमचं नातं? नवरा. तुमचा व्यवसाय? मी घसा साफ केला, तेवढ्यात प्रोप्रायटरनी आतून हाक मारली, "अहो, पुरण वाटून झालं का?"

उरलेली साडेचारशे कार्डं शोभाने वाया जाऊ दिली नाहीत. मागची बाजू कोरी होती. तिथे 'चकली, अर्धा किलो, तिखट' असं लिहून ती प्रत्येक पाकिटावर लावायला लागली. दिवाळीपर्यंत स्कारबरो ते व्हिटबी, एकही मराठी घर असं राहिलं नाही जिथे देशपांडे कन्सल्टिंगचं कार्ड पोचलं नाही.

आणि दिवाळीनंतर कार्डावरचा नंबर बघून पहिला अनोळखी फोन आला. कोणी कुलकर्णी होते. चकली उत्तम होती, म्हणाले, पण कार्ड उलटून पाहिलं. त्यांच्या फर्नेसमधून घरघर येत होती. मी पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. फोन ठेवला तर शोभा दारात उभी.

"फी सांगितलीत?"

"कशी सांगणार? रविवारी खिचडी खायला बोलावलंय त्यांनी."