दाणे न बघता घेतलेलं नाव

मंडळी, मला अक्षर येत नाय. मी बोलतेय, नात या ग्रुपवर टाइप करतेय.

परवा बोईसरच्या कंपनीत गॅस सुटला. माझा लेक तिथं पाळीवर होता, अजून बेशुद्ध हाय. आज दवाखान्यात कंपनीचा साहेब आला नि फोनवर कुणाला तरी म्हणाला, गळती लेकाच्या चुकीला ‘अ‍ॅस्क्राइब’ केलीय.

“म्हणजे काय गं?”

“घडलेलं कुणाच्या तरी नावावर लावणं, आजी.”

मी साहेबाला म्हटलं, “आमच्या पाड्यावरचा भगत करणी कुणाची ते सांगायच्या आधी तांदळाचे दाणे तरी बघतो. तुमी काय बघितलंत, बाबा?”

साहेब फोन खिशात घालून निघून गेला.

आता संध्याकाळी कंपनीजवळच्या सालवडला पुन्हा तोच वास सुटलाय. लेक तर दवाखान्यात खाटेवर हाय. तुमच्यापैकी कुणाचं माणूस आज पाळीवर हाय?