विमानतळावर जमा केलेल्या गोळ्या

मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी साडेअकरा. सांगलीतल्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, दाराबाहेरचा बाक. हजर: मी आणि माझे दीर, निवृत्त सुभेदार, साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आलेले. आत खाट क्रमांक चारवर माझे यजमान, वय अठ्ठावन्न, तापाचा पाचवा दिवस.

डॉक्टरबाई एकच कागद घेऊन बाहेर आल्या. "फाल्सिपेरम मलेरिया आहे. साधा नाही, मेंदूवर परिणाम झालाय. गेल्या महिन्यात हे कुठं गेले होते?"

"युगांडाला, मुलाकडं. अठरा नोव्हेंबरला परत आलो."

"कितीजण होता?"

"चौघं."

"मग बाकीचे तिघं आत्ता कुठं आहेत?"

दोघं त्यांच्या समोरच उभे होतो. तिसरे बिराआप्पा. ते कुठं आहेत, हे मला सांगता आलं नाही.

मुलांकडं परदेशी, विशेषतः आफ्रिकेत जाणाऱ्या आई-वडिलांसाठी हे लिहिते आहे. इस्लामपूरच्या आसपासची कितीतरी मुलं तिकडच्या साखर कारखान्यांत आहेत. आमचा मुलगा केमिस्ट आहे. त्याच्याच कॉलनीत बिराआप्पांचा मुलगा फिटर. आमच्या नातीचं बारसं ठरलं तेव्हा यजमान, भावजी आणि मी, अशा आम्हा तिघांच्या सोबतीनं बिराआप्पाही लेकाला भेटायला निघाले. ते आटपाडीकडचे, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, विमान पहिलंच. त्यांच्या मुलानं फोन करून सांगितलं, "काकू, आप्पा तुमच्या हवाली."

तयारी सगळी माझ्याकडं. हायस्कूलच्या कार्यालयात सव्वीस वर्षं काढली आहेत, यादीशिवाय मला काम सुचत नाही. मुंबईला जाऊन यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वराची लस सगळ्यांनी टोचून घेतली. तिथल्याच डॉक्टरांनी मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. रोज एक, जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, आणि गिळल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मी तक्ता आखला. चार नावं, निघायच्या दोन दिवस आधी ३० ऑक्टोबरपासून १८ नोव्हेंबरपर्यंत. गोळी पोटात गेली की चौकोनात खूण.

बिराआप्पांना त्या गोळीचा भारी राग. "आवं बाई, ही खाल्ल्यापास्नं ऊन लागलं की त्वांड भाजतंय. जल्मभर उन्हात हिंडलो, असं कवा झालं न्हाई."

त्यांचं खरं होतं. या गोळीनं कातडीला ऊन सोसत नाही. मी त्यांना सावलीत बसवलं, पण गोळी चुकू दिली नाही. पाणी उकळलेलं, हात धुतलेले, संध्याकाळी लांब बाह्या, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. अठरा दिवसांत कुणाला साधी शिंक आली नाही.

परत आलो. मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून मी तक्त्यावर शेवटची खूण केली आणि सगळ्यांकडून उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या. प्रत्येकाकडं जवळजवळ तीन पट्ट्या शिल्लक होत्या. मला वाटलं, औषधवाल्यानं जास्तीच्या दिल्या. जानेवारीत कॉलनीतल्या आणखी एका मुलाचे आई-वडील जाणार होते, त्यांना कामाला येतील म्हणून डब्यात भरल्या.

भावजींनी तेव्हा टोकलं होतं. "वहिनी, आमच्या पलटणीत परत आल्यावर बी गोळी चालूच असायची. लाइनीत उभं करून त्वांड उघडून बघायचे."

"भावजी, ते जंगल होतं. ही मुंबई आहे."

यजमान हसून म्हणाले, "दिऊन टाक की रं. हितं सुभेदार ती हाय, तू न्हाई."

बिराआप्पांनी तर सगळ्यांच्या आधी पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "सुटलो बाबा. लय उपकार झालं, बाई."

शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला यजमानांना हुडहुडी भरून ताप आला. इस्लामपूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतक्यात कुठं बाहेरगावी गेला होतात का?" मी म्हणाले, "नाही, दहा दिवस घरीच आहेत." उत्तर अचूक होतं. त्याहून मोठी चूक मी आयुष्यात केलेली नाही.

शनिवारी विडाल टेस्ट झाली. टायफॉइडसाठी करतात ती. ती पॉझिटिव्ह आली. आजाराला नाव मिळालं म्हणून मी निर्धास्त झाले आणि औषधांचा नवा तक्ता आखला. रविवारी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी दिसल्या. डेंग्यूची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. सोमवारी डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. मंगळवारी सकाळी ते उठून बसले आणि मला विचारू लागले, "पानं किती मांडायची? बारशाची माणसं आली का न्हाईत अजून?" बोलता बोलता मान कलली. आम्ही सांगली गाठली.

तिथंही आजार कुणी विचारून सापडला नाही. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंनी प्लेटलेट्सची खात्री करायला पेरिफेरल स्मिअर केला. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तो. तांबड्या पेशींत त्यांना बारीक बारीक अंगठ्या दिसल्या. ते मलेरियाचे जंतू. त्या स्वतः काच हातात धरून धावत डॉक्टरबाईंकडं गेल्या. त्यांचं नाव विचारायचं मला त्या गडबडीत सुचलं नाही, पण यजमान आज घरात आहेत ते त्यांच्यामुळं.

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचा मुंबईचा कागद मागितला. फाइलमध्ये तो पहिल्याच कप्प्यात होता. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं: परतल्यावर चार आठवडे चालू ठेवणे.

"हा जंतू आधी यकृतात दडून बसतो. रक्तात उतरायला दिवस लागतात. उतरतो तेव्हा गोळी अंगात हवी. तुम्ही नेमकी तेव्हाच बंद केलीत."

ती ओळ मी वाचली होती की नाही, आठवत नाही. माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि मी रोज कागद नव्हे, तक्ता बघत होते.

शिरेतून आर्टेसुनेट सुरू झालं. मलेरियाचं हे सगळ्यात जलद इंजेक्शन. "दोन दिवस काही सांगता येणार नाही," एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं आणि भावजींचं रक्त तिथंच तपासलं. दोन्ही निगेटिव्ह. "आजचं निगेटिव्ह म्हणजे सुटका नाही. ताप आला की त्याच तासाला पुन्हा या. आणि त्या चौथ्यांना शोधा, आजच."

बिराआप्पांचा फोन बंद. आटपाडीला त्यांच्या सुनेला लावला.

"ते व्हय? आल्या दुसऱ्या दिवशीच मेंढरांकडं गेलं. थोरलं दीर कळप घिऊन आधीच म्होरं गेल्यात."

"कुठं?"

"कोरेगावाकडं म्हनत हुते. तळ आज हितं तर उद्या तिथं, काय सांगू काकू? का वं, काय झालं?"

काय झालं, ते मी तिला सांगितलं. तिनं लगेच थोरल्या दिरांना फोन लावून बघितला, तोही लागला नाही.

भावजी म्हणाले, "वहिनी, तुमी हितं बसा. मी बघतो." ते साताऱ्याला गेले आणि मोटारसायकल काढून गावोगाव विचारू लागले. मी बाकावर बसून कोरेगाव तालुक्यातल्या गावांची यादी केली आणि ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला फोन लावला.

गुरुवारी यजमानांनी डोळे उघडले. शुक्रवारी काचेवर एकही अंगठी दिसली नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आप्पा कुठं हायत?" मी म्हणाले, "मेंढरांकडं." एवढंच सांगितलं.

रविवारी भावजींना एका शेतकऱ्याच्या रानात लेंड्या दिसल्या. शेतकऱ्यानं सांगितलं, "व्हती की मेंढरं. तीन दिस खतासाठी माज्याच रानात बसवली व्हती. त्यातलं म्हातारं घोंगड्यात मुटकुळं करून पडल्यालं. मी म्हनलं, दवाखान्यात न्हेऊ का? तर म्हनतंय, युगांडाचं वारं लागलंय, उतरंल आपसूक. परवा तळ हालला तवा घोड्यावर बसवून न्हेलं त्याला."

"कुनीकडं गेलं?"

त्या माणसानं पश्चिमेकडं हात केला.

आज मंगळवार, ९ डिसेंबर. यजमान काल घरी आले. भिंतीला धरून दारापर्यंत चालतात. डॉक्टरबाईंचे, त्या तंत्रज्ञ ताईंचे, बाकावर डबा आणून देणाऱ्या प्रत्येकाचे उपकार आहेत. परदेशातून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच त्या देशाचं नाव आधी सांगा, कुणी विचारो न विचारो. गोळ्या संपेपर्यंत तुमचा प्रवास संपलेला नसतो. आणि बंद पडलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं पुन्हा सुरू करू नका, आधी रक्त दाखवा.

हे लिहिणं मी खरं तर नंतर करणार होते. पण आजच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकते आहे, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी रानात आत्ता मेंढरं बसलेली असतील. कोरेगाव, सातारा, वाई, कुठंही. तळावर जा. घोंगड्याखाली साठीचे एक उंच, सडपातळ गृहस्थ असतील. नाही म्हणतील, ऐकू नका. गाडीत घाला, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि पहिलं वाक्य हे बोला: हे युगांडाहून आलेत, मलेरियाची काच बघा.

भावजी आज सकाळी वाईच्या बाजूला गेले आहेत. दुपारपर्यंत त्यांचे तीन फोन आले, तळ अजून सापडलेला नाही. बिराआप्पांचं रक्त तपासायचं अजून राहिलं आहे.