धुराड्याची उंची

दुपारी लाईट गेली आणि सोसायटीचा जनरेटर धडधडू लागला. तशा तळमजल्यावरच्या शिंदेकाकू धावत अंगणात आल्या. जनरेटरचं धुराडं इतकी वर्षं त्यांच्या दोरीशेजारीच धूर ओकायचं. त्यामुळे लाईट गेली की आधी दोरीवरचे कपडे काढायचे, हा त्यांचा शिरस्ता. मी वरून, खिडकीच्या काचेतून बघत होतो.

दोन चादरी खांद्यावर टाकल्यावर काकू थबकल्या. त्यांनी हवा हुंगली, मान वर केली आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या.

धुराडं गेल्याच आठवड्यात गच्चीच्या वर नेलं होतं. तसा नियमच आहे, त्याशिवाय जनरेटरला परवानगी मिळत नाही. सोसायटीच्या सभेत या नियमाच्या नावाने सगळ्यात जास्त खडे मीच फोडले होते.

कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी ते कोरडं वाक्य लिहिलं असेल: धूर छपराच्या वर सोडावा. त्या माणसाला काकूंच्या चादरी ठाऊक असायचं कारण नाही. पण आज त्या चादरी पुन्हा दोरीवर चढल्या, आणि काकू त्यांना चिमटे लावत होत्या ते अगदी गजरा माळावा तसे.

त्यांच्या त्या धावपळीचं मला हसू येत होतं. तेवढ्यात त्यांनीच वर बघून हात केला.

"अहो, तुम्ही कशाला कोंडून घेतलंय? उघडा की आता!"

खरंच की! लाईट जाताच मीही सवयीने खिडकी लावून घेतली होती. उघडली, तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला.